बटण, पहिला चौकोन

आमच्या शाळेच्या शिपाईकाकांना सगळे चकाचककाका म्हणतात. एकदा त्यांनी फळ्यावरचा सुविचारसुद्धा पुसून टाकला होता, धूळ दिसली म्हणून. सव्वीस वर्षं हा माणूस आमच्यामागे झाडू घेऊन फिरतोय. माझं त्यांच्याशी कधीच पटलं नाही, कारण मी आदिमानव शिकवते तो चिखल, दगड आणि राख घेऊन.

त्या वर्षी तिसरीच्या मुलांनी ओल्या मातीत पावलं उमटवली. ठसा बघून माणूस घाईत होता की दमलेला, हे ओळखायला शिकली. धार काढलेल्या गारगोटीनं काकडी कापायला गेली, त्यात काकडीच जिंकली. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, वैतागल्या होत्या. ‘‘शनिवारी मी स्वतः येऊन बसते. मुलं नुसती माती चिवडताना दिसली, तर हा तास गणिताला जाईल.’’

मी आठवडाभर राबले. मडकी भाजली, रंगवली, फोडली. खाटकाकडून हाडं आणून उकळली, वाळवली. शुक्रवारी दुपारी सगळं, मुलांनी उत्खनन करून शोधावं म्हणून, वाळूच्या हौदात पुरलं आणि वर सुतळीनं चौकोन आखले.

शनिवारी सकाळी बघते तर हौद इस्त्री केल्यासारखा सपाट! सुतळीही गायब.

‘‘मोठ्या बाई येणार कळलं ना,’’ काका खुशीत म्हणाले, ‘‘काल सगळी वाळू चाळली बघा. खापऱ्या काय, हाडं काय! पोरांच्या पायात गेली असती. कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकलं सगळं. कडेचे दगड नीट बसवले, वर पाणीही मारलंय.’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘काका, तुम्हाला झाडण्यापलीकडे काही कळतं का हो?’’

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ते बादली घेऊन हौदामागच्या नळाकडे गेले.

तेवढ्यात घंटा झाली. मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या. मुलांनी नवी सुतळी बांधली आणि ब्रश घेऊन कामाला लागली. हौद रिकामा आहे हे सांगायचं मला धाडस झालं नाही. पंधरा मिनिटं झाली तरी वाळूशिवाय काही नाही. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं.

‘‘बाई, बटण!’’ कडेच्या पहिल्या चौकोनातून चिमणी, वर्गातली सगळ्यात लहान मुलगी, ओरडली. नियमाप्रमाणे कुणी ते उचललं नाही. आधी मोजलं, वहीत चित्र काढलं. मग सगळ्यांची डोकी त्या कडेला जमली.

‘‘इथे कुणीतरी गुडघे टेकलेत.’’

‘‘डावा खोल रुतलाय. उजवा नुसताच टेकलाय.’’

‘‘उजवा दुखत असणार त्याचा. आजोबांचा दुखतो तसा.’’

‘‘हे दगड बघा ना,’’ चिमणी म्हणाली, ‘‘सगळी टोकं खाली दाबलीत. कुणाला लागू नये म्हणून. म्हणजे त्याच्या टोळीत लहान मुलं होती.’’ दगडावरून बोट फिरवत ती म्हणाली, ‘‘आणि ती त्याची लाडकी होती.’’

नळ बंद झाला. काका हौदाशी येऊन उभे होते. सदऱ्याचं तिसरं बटण नव्हतं. मुलं आधी सदऱ्याकडे, मग त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिली.

‘‘कधीपासून दुखतोय?’’ मोठ्या बाईंनी विचारलं.

‘‘झाली चारेक वर्षं.’’

चार वर्षं आम्ही दोघी त्यांना जिन्यावरून वरखाली पळवत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलांसमोरच मी त्यांची माफी मागितली.

‘‘असू द्या हो बाई,’’ काका म्हणाले. ‘‘पण कचरा मुद्दाम टाकलाय, हे आधी सांगायचं तरी!’’

मोठ्या बाई हसल्या. तास गणिताला गेला नाही. काकांची खुर्ची त्याच दिवशी तळमजल्यावर आली.

बटण मात्र त्यांना परत मिळालं नाही. सापडलेली वस्तू घरी न्यायची नाही, असं चिमणीनं ठणकावून सांगितलं. ते वर्गातल्या कपाटात आहे, खाली तिच्या अक्षरात चिठ्ठी: ‘बटण. पहिला चौकोन. माणूस चांगला. अजून इथेच राहतो.’ काका ते कपाट रोज घासूनपुसून लख्ख करतात. त्या चिठ्ठीवर मात्र बोटभर धूळ साचली तरी फडकं लावत नाहीत, अक्षर पुसेल म्हणून.