कॅमेऱ्यासाठी लावलेला एसी

त्या खोलीला एक खिडकी होती, आणि ती बंद करायला मीच सांगितलं होतं.

खोली नागपूरच्या गांधीबागेतल्या एका साड्यांच्या ठोक दुकानाच्या वर होती. दुकानाचे मालक माझ्या वडिलांच्या ओळखीचे, म्हणून मी त्यांना काकाजी म्हणायची. त्यांची तेव्हा एकच अडचण होती. गिऱ्हाईक आता मोबाइलवर साडी बघून मागवायचं, आणि मोबाइलवर राणी दिसलेला रंग हातात डाळिंबी निघाला की साडी परत यायची. मी लग्नांचे फोटो काढून कंटाळले होते. काकाजींनी विचारलं, कॅमेरा कोणता घ्यायचा, कॉम्प्युटर कोणता.

मी मनापासून सांगितलं. कॅमेरा मधला चालेल, लेन्स मात्र चांगली घ्या. कॅमेरे जुने होतात, जपलेली लेन्स वर्षानुवर्षं साथ देते. दिव्यांत काटकसर करू नका. स्क्रीन चमकदार नको, रंग खरा दाखवणारी हवी, आणि तिचे रंग अधूनमधून तपासायला हवेत. फोटो दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या जागी. उन्हाचा रंग सकाळी एक, दुपारी दुसरा, म्हणून खिडकी बंद करा. आणि कूलर अजिबात नको, त्याच्या ओलाव्यानं लेन्सच्या आत बुरशी धरते. एसी लावा.

काकाजींनी सगळं तसंच्या तसं केलं. खिडकीवर प्लायवूड ठोकून काळा रंगही दिला. मग मला बोलावून म्हणाले, "आता तूच बस, बेटा. हे सामान तुह्यावाचून कोण चालवणार?"

एक हंगाम काढू म्हणून मी बसले.

कापडबाजारातली धूळ साधी नसते. तिच्यात सुताचे बारीक तंतू असतात, आणि ते कुठेही शिरतात. कॉम्प्युटर जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवला, तरी उघडला की पंख्यावर करड्या लोकरीसारखा थर. ब्रशनं तो काढायचा, पंख्याचं पातं बोटानं धरून मगच हवा मारायची, नाहीतर पंखा उलटासुलटा भरभर फिरून खराब होतो. लेन्सवर तोंडानं फुंकर घालायची नाही, रबरी पंपानंच धूळ उडवायची. रात्री सगळ्या लेन्स हवाबंद डब्यात, शेजारी ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांची पुडी. दाणे गुलाबी पडले की ते तव्यावर गरम करून पुन्हा निळे करायचे. हे सगळं झालं की तोच पुतळा, तेच दिवे, एकामागून एक साडी. पदर, काठ, जवळून पोत. बाहेर पाऊस आहे की ऊन, मला जिना उतरल्यावर कळायचं.

कोणाला सांगायची सोय नव्हती. आई म्हणायची, "लोकं उन्हात तळून राहिले, अन् तू एसीत बसून रडून राहिली." मेच्या महिन्यात नागपुरात एसीची नोकरी सोडायची म्हणणाऱ्या मुलीला आणखी काय ऐकायला मिळणार? नातेवाईक भेटले की लॅपटॉप कोणता घेऊ, विचारायचे. मी उत्तर द्यायची आणि माझाच आवाज मला परका वाटायचा.

काम सोडायचा विषय काकाजींजवळ मी काढला होता, एकदा नाही, बऱ्याचदा. ते रागावत नसत. शांतपणे ऐकून घेत, आणि पुढच्या आठवड्यात एक खोकं येई. "तू बोलली होती ना, काठाची वीण जवळून दाखवणारी लेन्स, ते मागवली." मी कधीतरी सहज बोललेलं त्यांच्या लक्षात असायचं. त्यांच्या चांगुलपणात खोट नव्हती, म्हणून तर माझं तोंड बंद व्हायचं. नवीन वस्तू आली की ती मला शिकून घ्यावी लागे, आणि शिकले की ती माझ्याशिवाय कोणाला चालवता येत नसे.

एका दुपारी बाजारातले एक वयस्कर व्यापारी वारले. सगळ्यांनी शटर ओढली आणि माणसं अंत्ययात्रेला गेली. दार लावून, एसीच्या घरघरीत काम करणारी मी कोणाच्या ध्यानात राहिले नाही. मुनीमजींनी रोजच्या सवयीनं मेन स्विचही पाडला. दिवे गेले आणि यूपीएस टीं टीं करू लागला. त्याची बॅटरी थोडाच वेळ देते, म्हणून मी आधी फोटो सेव्ह केले, कॉम्प्युटर नीट बंद केला, लेन्स डब्यात ठेवली. माझं काय, हा विचार त्यानंतर आला.

मोबाइलच्या उजेडात खाली उतरले. शटरला बाहेरून कुलूप. काकाजींचा फोन बंद. शटर हातानं वाजवलं, पण ओस गल्लीत ऐकणार कोण? वर आले तोवर खोली तापायला लागली होती. घामानं भिजून मी भिंतीला टेकले. काळं प्लायवूड उपटून काढावं असं वाटलं; बोटं खिळ्यांवर नुसती घसरली. तेव्हा रडले.

जिन्याच्या वरच्या टोकाला एक दार होतं. त्यापलीकडे काकाजींचं घर. ते उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी ते ठोकत राहिले. बऱ्याच वेळानं कडी सरकली आणि काकाजींची सून समोर उभी राहिली.

ती नरखेडकडच्या एका गावातून लग्न होऊन आलेली, सायन्स शिकलेली. मी तिला दिवाळीच्या पूजेत दुरून पाहिलं होतं, तेवढंच. तिनं मला पाणी दिलं, पदरानं वारा घातला. सासूबाई झोपल्या होत्या. मग माझ्या खांद्यावरून खाली अंधारात बघत तिनं विचारलं, ते साड्यांचे फोटो इथंच निघतात का. ती रोज मोबाइलवर ते बघायची. तिला वाटे ते मुंबईहून येत असतील. त्याच खोलीच्या वर ती राहत होती.

तिला खोली बघायची होती. मी पुन्हा खाली जायला तयार नव्हते, तरी गेले. कॅमेरा देताना पट्टा आधी तिच्या गळ्यात घातला, मग कॅमेरा हातात. तिनं तो बराच वेळ नुसता धरून ठेवला.

"मले शिकवाल का, ताई?"

"काहून वं? इथं साधी खिडकी नाही."

"वरती आहेत ना खिडक्या," ती म्हणाली. "इथं काम तरी आहे."

काकाजींना ते आधी पटलं नाही. घरची सून दुकानात नको, हे त्यांचं म्हणणं. तिनं सासूबाईंकडून वदवून घेतलं की खोलीत यायला दुकानातून जावंच लागत नाही, वरचं दार आहे. तेव्हा ते हो म्हणाले. दुपारी घर निजलं की ती उतरून येई. यंत्रांना ती भीत नव्हती. पुतळ्यावरच्या माझ्या निऱ्या पाहून म्हणाली की अशी साडी कोणी नेसत नाही, आणि स्वतः नेसवून दाखवली. त्या फोटोंतल्या साड्या आधी विकल्या गेल्या.

पुढच्या उन्हाळ्याआधी मी काकाजींना काम सोडते म्हणून पुन्हा सांगितलं. त्यांनी या वेळी खोकं मागवलं नाही. "म्हणजे तू मोकळी झाली," एवढंच म्हणाले. शेवटच्या दिवशी मी तिला विचारलं, तुला खरंच इथं बसायचं आहे ना. मी जाते आहे आणि माझ्या जागी तिला कोंडते आहे, हे मला खुपत होतं. ती डिस्कची वायर गुंडाळत होती. तिनं वर बघितलं नाही.

"तुमी जा, ताई. तुमची गोष्ट वेगळी आहे."

आता मी संत्र्यांच्या बागांचे, गावच्या कार्यक्रमांचे फोटो काढते. एसटीनं जाते, कॅमेऱ्याची बॅग मांडीवर धरून. भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही, मग डोक्यावरून ओढणी घेऊन तिच्याखाली बघते. मोकळ्या वावरात उभी राहिले की अजूनही पाठीला भिंत शोधते. ती सवय कधी जाईल, माहीत नाही.

तिचा फोन येतो. डिस्क आवाज करते आहे, बदलू का. नवीन स्क्रीन निळी झाक मारते. मी सांगते. मध्यंतरी तिनं विचारलं, पर्समध्ये मावेल असा लहान कॅमेरा कोणता. दुकानासाठी का, मी म्हटलं.

"नाही. माह्यासाठी."

मी दोन-तीन सांगितले. बाहेर धुळीत, उन्हात चालेल ना, हे तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. त्याला बरेच महिने झाले. तिनं तो अजून घेतलेला नाही, आणि मीही विचारत नाही.