वसंताची आखणी आणि वीस कॅमेरे

वर्कशॉपला माणूस एकदा गेला तर विसरून जातो. अकरा वेळा गेला की त्याचे किस्से होतात. माझ्या पत्र्याच्या पेटीत अकरा सर्टिफिकिटं आहेत आणि एकेकाखाली दोन-तीन किस्से दबलेले आहेत. सर्टिफिकिटांना वाळवी लागली. किस्से शाबूत आहेत.

मी नामदेव. शाळा चौथीपर्यंत. रोह्याच्या बाजारात बेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. आता शटर खाली, आणि मी रोह्याजवळच वरसे गावात मुलाकडं. मुंबईची एक कलासंस्था दर उन्हाळ्यात आमच्याकडं वर्कशॉप घेते. फोटोग्राफी आणि 'मीडिया आर्ट'. हे मीडिया आर्ट काय असतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि शिकवणाऱ्यालाही कळलंय असं वाटत नाही. शहरातली वीस पोरं-पोरी कॅमेरे घेऊन येतात. त्यांच्यात 'स्थानिक कलाकार' म्हणून दोन म्हातारे बसवतात, भाजीवर कोथिंबीर टाकतात तसे. एक मी. दुसरा माझा पेणचा दोस्त, वसंता.

वसंता गणपतीच्या कारखान्यात फक्त डोळे काढतो. त्याला आखणी म्हणतात. मूर्ती कुणीही रंगवावी, डोळे वसंताचे. पण आखणी करताना पाठीमागं कुणी उभं राहिलेलं त्याला चालत नाही. लगेच ब्रश ठेवून देतो. त्यामुळं त्याची आखणी कुणालाच येत नाही. त्याची मुलगी लता त्याच कारखान्यात मशीननं रंग मारते, तिलासुद्धा नाही.

परवा एकानं मला विचारलं, "काका, या वर्कशॉपांचा कलाकाराला कायमचा उपयोग काय झाला?"

सांगतो. बस.

* * *

पहिलं वर्कशॉप रोह्याशेजारच्या अष्टमी गावात, पुलापलीकडच्या हॉलमध्ये. शिकवायला एक सर. माणूस वाईट नाही, पण बोलायला लागला की चहा गार होतो. त्यानं सगळ्यांना विचारलं, "प्रकाश म्हणजे तुमच्यासाठी काय?"

एक पोरगी म्हणाली, "आठवण." एक पोरगा म्हणाला, "शांतता." सर मान डोलवतोय. फिरत फिरत पाळी आली वसंताची.

वसंता म्हणाला, "खिडकी डाव्या हाताला पायजे. उजव्या हाताला आसली तर हाताची सावली कामावर पडते."

सर हसून म्हणाला, "आजोबा, हे टेक्निकल झालं. मी फीलिंग विचारतोय."

"सावली पडली ना, तर लय वाईट फीलिंग येते!"

त्यानंतर सरांनी अख्ख्या दिवसात त्याला काही विचारलं नाही.

* * *

पुढच्या वर्षी त्यांना माझी डार्करूम बघायची होती. म्हटलं, या. दार उघडलं तर आत पोरांचा घोळका. लाल बल्ब बघून खूश, ट्रे बघून खूश. एका बाटलीच्या तळाला फोटो धुवायचा हायपो वाळलेला होता. एका पोरीनं बूच काढून वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "वॉव! किती नॉस्टॅल्जिक!"

मी म्हटलं, "बाई, त्या वासानं माझं नाक गेलंय. मला मोगरा आणि घासलेट सारखंच!"

तिनं तेही लिहून घेतलं.

* * *

एकदा खारेपाटात नेलं, मिठागरावर. आगरात एक मथीबाय होती, साठीची, डोक्यावर मिठाची टोपली. वीस कॅमेरे तिच्यावर तुटून पडले. एवढ्या माणसांनी तिच्या लग्नातही तिच्याकडं बघितलं नसेल.

सर म्हणाला, "आजी, परत एकदा उचला ना. सूर्य मागं येऊ दे."

तिनं टोपली उतरवली, परत उचलली. "अजून एकदा, जरा हसून." तिनं उतरवली, परत उचलली. हसली नाही. तिसऱ्या वेळेला टोपली उतरवली ती सरळ सरांच्या पायाशी. हात कमरेवर ठेवून म्हणाली, "आता तू उचल रं बाबा. मी काढतंय फोटू. नि हस हां!"

सरांनी खरंच उचलायला घेतली. गुडघ्याच्या वर गेली नाही.

मथीबायनं तोवर दुसरी टोपली भरली आणि चालायला लागली. तिचा फोटो पुढं कुठल्याशा मासिकात आला म्हणे. अंक तिला कुणी दिला नाही.

* * *

इथपर्यंत हसण्यावारी. पुढचं तसं नाही.

पेणच्या वर्कशॉपात विषय होता 'क्लोज-अप'. पोरांनी कारखान्यात जाऊन मूर्तींचे फोटो काढले आणि संध्याकाळी पडद्यावर लावले. एका फोटोत गणपतीचा नुसता उजवा डोळा. दोन इंचाचा डोळा, पडद्यावर दाराएवढा! सकाळीच वसंतानं काढलेला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर उठून पडद्यापाशी गेला. वरच्या पापणीच्या रेघेवर बोट ठेवलं. "बघा, इथं रेघ किती सुंदर थरथरलीय. मशीनला हे जमेल? हा मानवी स्पर्श!"

परत टाळ्या.

मी बेचाळीस वर्षं निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग केलं आहे. थरथरलेली रेघ मला कळते. ती रेघ मध्येच संपली होती आणि केसभर खाली परत सुरू झाली होती. हात नव्हता चुकला. रेघ कुठं सोडली ते माणसाला दिसलं नव्हतं.

मी वसंताकडं बघितलं. तो पडद्याकडं बघतच नव्हता. चपला शोधत होता.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "नामा, कुणाला बोलशील तर बघ."

* * *

पनवेलच्या डॉक्टरानं सांगितलं, साखरेनं डोळ्याचा पडदा गेला. उरलंय ते हळूहळू जाणार. चष्म्यानं काही होणार नाही. येताना एस.टी.त आम्ही तिघं, वसंता, लता आणि मी. लता खिडकीतून बाहेर बघत होती. पनवेल मागं पडलं तशी म्हणाली, "बाबा, आता तरी आखणी शिकवा मला."

"ती शिकवत नाय कुणी. बघून येते."

"मग बघू देत का नाय?"

"पाठीमागं कुणी उभं ऱ्हायलं की माझा हात अडतो."

"मी कोण हाय? कुणी हाय?"

वसंता खिशातली तिकिटं चाचपत बसला. कंडक्टर येऊन गेला, पेण आलं. उतरताना मी त्याला म्हटलं, "अरे खवीस माणसा, डोळे गेल्यावर आखणी काय चितेवर घेऊन झोपणार हायस?"

म्हणाला, "तुझी डार्करूम कुणाला शिकवलीस रे तू?"

मी पिशवी उचलली आणि रोह्याची एस.टी. धरली.

* * *

मग मी डोकं लावलं. पुढच्या उन्हाळ्यात वर्कशॉप व्हिडिओचं होतं. मी सरांना गाठून म्हटलं, "तुमचं ते मीडिया आर्ट ठेवा बाजूला. वसंताचा ब्रश डोळ्यावर कसा चालतो, तेवढं जवळून शूट करून द्या. त्याची पोरगी बघून शिकेल." वसंतालाही पटवलं. कॅमेरा म्हणजे माणूस नाही, स्टँडवर उभा राहतो, श्वास घेत नाही. कसाबसा तयार झाला.

सर तर हरखूनच गेला. दिवे आणले, छत्र्या आणल्या, चार तास शूटिंग. महिन्यानं फिल्म आली. लतानं मोबाईल भिंतीला टेकवून लावली. आम्ही बघतोय.

पहिल्यांदा पंखा. गंजलेला, हळूहळू फिरणारा. मग वसंताचे पाय. मग चहाच्या पेल्यात माशी. मग बासरी. मग पत्र्यावर कावळा, तोही बराच वेळ. मग वसंतानं ब्रश उचलला. लता पुढं सरकली. आणि कॅमेरा गेला त्याच्या तोंडावर! घाम, सुरकुत्या, चष्मा. ब्रश खाली चाललाय कुठंतरी, आणि आम्ही बघतोय वसंताच्या नाकातले केस.

संपली.

लतानं परत लावली. परत. चौथ्यांदा बघून झाल्यावर मला म्हणाली, "काका, कावळा पाठ झाला."

मी सरांना फोन केला. म्हटलं, ब्रशचं शूटिंग कुठं आहे? सर म्हणाला, "काका, ब्रश दाखवला असता तर ती माहिती झाली असती. आपल्याला कविता करायची होती."

मी त्याला जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

* * *

त्या वर्षी फॉर्म भरून घेतला. 'या कार्यशाळेतून आपल्याला दीर्घकाळ टिकणारे काय मिळाले?' खाली पाच रेघा.

मी लिहिलं : डाळ बरी होती.

संस्थेच्या बाईंचा फोन आला, "काका, थोडं सविस्तर लिहाल का?"

म्हटलं, "मीठ कमी होतं."

* * *

यंदाचं वर्कशॉप थेट वसंताच्या कारखान्यात. एव्हाना त्याला हाताच्या अंतरावरचं धूसर दिसत होतं. शेठ त्याला रोज येऊन बसू देत होता, पण डोळे दुसऱ्या कारखान्यातला एक माणूस येऊन काढायचा, आणि गणपती सगळे दचकल्यासारखे दिसायचे.

सर म्हणाला, "आजोबांची शेवटची आखणी शूट करू या." शेवटची! तोंडावर म्हणाला. मला वाटलं वसंता रंगाची वाटी फेकून मारणार.

तर वसंता म्हणाला, "करा. पण सगळ्यांनी माझ्या पुढ्यात उभं ऱ्हायचं. इकडंतिकडं फिरायचं नाय."

वसंतासमोर एक मूर्ती. शेजारच्या पाटावर दुसरी, आणि तिच्यापुढं लता. सर म्हणाला, "ताईंना जरा बाजूला बसू द्याल का? फ्रेममध्ये येतात."

"तिचं काम चालू हाय. तुमी माझ्याकडं बघा."

वीसच्या वीस कॅमेरे त्याच्याकडं. लताकडं एकाचीही नजर नाही.

वसंतानं ब्रश वाटीत बुडवला, मूर्तीच्या तोंडाशी नेला आणि बोलायला लागला. जन्मात आखणी करताना बोलला नव्हता! "वरची पापणी. नाकाकडनं निघायचं. कोपर हवेत, गुडघ्याला टेकलं की रेघ अडकते. दम धरला. हात न्यायचा, न्यायचा, आता उचलला. दम सोडला." पोरांना वाटलं, म्हातारा कॅमेऱ्यासाठी बोलतोय. पोरं खूश.

मी बाजूला स्टुलावर. बघतो तर वाटी रिकामी. ब्रश कोरडा! मूर्तीवर रंगाचा ठिपका उमटत नाही, आणि वसंता रेघा ओढतोय. वीस कॅमेऱ्यांतून एकालाही ते दिसलं नाही. ते त्याच्या सुरकुत्या बघत होते.

सर म्हणाला, "परत एकदा, आजोबा. जरा हळू."

एरवी असं कुणी म्हटलं असतं तर वसंता उठून गेला असता. "व्हय," म्हणाला. परत केलं, हळू. सर म्हणाला, "अजून एकदा." परत केलं, अजून हळू. सात वेळा! आणि दर वेळेला शेजारच्या पाटावर लताचा ब्रश निघत होता, थांबत होता, उचलला जात होता. तिचा ब्रश ओला होता.

जेवणाची हाक आली. पोरं गेली, सर गेला. वसंताच्या गणपतीला डोळे नव्हते. जाताना कुणी वळून बघितलं नाही. लताच्या गणपतीला होते.

मी वसंताला म्हटलं, "चांगले आलेत रे."

"तू गप. तुझं टचिंग करून करून सगळंच चांगलं दिसतं तुला."

पुढं मुंबईला प्रदर्शन झालं. आम्हाला बोलावणं नाही. एक जाड पुस्तक तेवढं माझ्या पत्त्यावर आलं. ते घेऊन पेणला वसंताच्या घरी गेलो. वसंताला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, तरी रोज कारखान्यात जाऊन लताशेजारी बसतो. मी पान उघडलं. पानभर वसंता, हातात ब्रश. खाली इंग्रजीत त्याचं नाव. फोटोच्या कडेला लताचा हात, बाकीची पोरगी कापून टाकलेली.

"नालायकांनी पोरीला कापली रे," मी म्हटलं. "नुसता हात ठेवलाय."

"कुठला?"

"उजवा. ब्रशवाला."

वसंता खाटेवर उठून बसला. "कोपर दिसतंय का त्यात?"

"दिसतंय."

"नीट बघ. कोपर गुडघ्याला टेकलेलं हाय का?"

मी चष्मा पुसला. पुस्तक दारात उजेडाला नेलं. बघितलं.

"नाय. हवेत हाय."

"नक्की?"

"अरे, बेचाळीस वर्षं फोटो बघितलेत मी! हवेत हाय."

आत लता भाकऱ्या थापत होती. मान तिकडं वळवून त्यानं हाक मारली.

"लते, शेठला सांग गो, उद्यापासनं मी येत नाय."