कीटण आणि डॉक्टर

“उपटणं सोपं असते हो, राखणं पाहा,” असे म्हणत आमचे डॉक्टर चिमटा ट्रेमध्ये परत ठेवीत. सदर भागातल्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मी नावनोंदणीच्या टेबलाशी बसत असे. एम. ए. होऊनही पहिली नोकरी चाळिशीत धरलेली. त्यामुळे बोलण्यापेक्षा पाहणेच मला अधिक जमे.

सत्तरच्या दशकाअखेर मुंबईहून अल्ट्रासॉनिक यंत्र आले. तोवर डॉक्टर दातांवरचे कीटण आकडीने खरवडून काढीत. या यंत्राचे टोक इतक्या वेगाने थरथरे की डोळ्यांना ते स्थिरच भासे. सोबत पाण्याचा बारीक फवारा. डॉक्टरांनी ते आधी स्वतःच्या नखावर टेकवले, मग माझ्या. “घाबरू नका बाई, गुदगुल्या होतील.” झाल्याही.

रुग्ण मात्र तो आवाज ऐकूनच खुर्चीवरून उठत. तुम्हीही असे रुग्ण पाहिले असतील, कदाचित आरशातही.

अखेर समोरचा पानठेलेवाला आला. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने दात काळवंडलेले, हिरड्या सुजलेल्या.

“सगळे उपटा डॉक्टरसाब. पोरीच्या लग्नात कवळी लावून हसतो.”

“चांगले दात काहून उपटू गा? साफ करतो.”

“हे कीटणच तर दाताले धरून राहिलं. ते गेलं का दात हातात.”

“आले हातात, तर कवळी माझ्याकडून.”

यंत्र गुणगुणू लागले. काळे कपचे पाण्यासरशी निघाले आणि खालून पांढरा दात उघडा पडला. मी टेबल सोडून खुर्चीजवळ केव्हा पोहोचले, मलाच कळले नाही.

आरशात पाहून तो मात्र बिचकला. “फटी पडल्या ना जी. हलून राहिले दात.”

“सूज उतरली का हिरड्या आवळतील. खर्रा बंद.”

खर्रा विकणाऱ्याने खर्रा सोडला. ठेल्यावरून तो रोज जबडा धरून दाखवी, डॉक्टर खिडकीतून हातानेच धीर देत आणि मग मला हळूच म्हणत, “याचा एक जरी दात पडला ना बाई, तर या खुर्चीत कोणी बसणार नाही.”

लग्नात व्याह्यांनी रुखवतातला डिंकाचा लाडू उचलून त्याच्यापुढे धरला. “आधी तुम्ही खा व्याही. आमाले आमचे दात प्यारे आहेत.”

मांडव हसला. डॉक्टर हसले नाहीत. वधूपित्याने लाडू दाढेखाली घेतला. कडकन आवाज झाला.

डॉक्टर आज नाहीत. मला ते दिसतात ते त्या क्षणीचे: आहेराचे पुडके काखेत तसेच, वधूवरांना ओलांडून थेट वधूपित्यासमोर उभे.

“आ कर पाहू गा.”