गादी बडवणारी बाई

लेकीला ओसाकात नोकरी लागली, तेव्हा बायकोनं फर्मान काढलं, "तिथं माणसं कशी राहतात ते आधी दाखवा. त्याशिवाय मी पोरीला धाडणार नाही."

मी माहितीपट शोधायला बसलो. किमान सातशे पाहिले. शपथेवर सांगतो, घरात चेरीच्या पाकळ्यांचा केर साठला! प्रत्येकात तीच बासरी, तोच डोंगर, चहा घुसळणारी तीच बाई, आणि निवेदक तर जणू स्वतःच्याच तेराव्याला भाषण करतोय. एवढाले कॅमेरे घेऊन ही मंडळी जातात आणि पोस्टकार्डं चाटून परत येतात. जपानी माणसाला सर्दी होत नाही? त्याचं दूध उतू जात नाही?

"अहो, पोरगी काय देवळात राहायला चाललीय?" बायको रडकुंडीला आली.

शेवटी कुणा हौशी माणसाची एक ओबडधोबड फिल्म सापडली. तिसऱ्या मजल्यावरची बाई कठड्यावर गादी टाकून धपाधप बडवत होती. धूळ पडली म्हणून खालची ओरडली. मग दोघींची जुंपली.

बायकोला जपानी ओ की ठो कळत नाही, पण भांडण शब्दन् शब्द कळलं. "चूक वरचीचीच आहे," तिनं निकाल दिला. मग डोळे पुसत म्हणाली, "जाऊ दे पोरीला. तिथं भांडायला माणसं आहेत."