खोट्या विमानात बाबांचे पैकीच्या पैकी

नितीनचा फोन आला तेव्हा मी तोंडात टाचण्या धरून एका नवरीच्या ब्लाउजची बाही बसवत होते, त्यामुळे पहिली पाच मिनिटं नुसतं "हं, हं" केलं. नितीन म्हणजे माझा धाकटा भाऊ. गेली नऊ वर्षं मोहालीत आहे. बायको सिमरन तिकडचीच, मुलगी मीरा सहा वर्षांची. विमानाच्या आतल्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीत तो डिझाइन करतो. मी कराडला ब्लाउज शिवते आणि वर्षातून दोनदा दुकानाला कुलूप लावून कुठेतरी भटकून येते, हे या ब्लॉगच्या वाचकांना ठाऊक आहेच.

"ताई, बाबांना घेऊन आठ दिवस ये. आमच्या नव्या सीटवर चार तास बसून बघायला वयस्कर माणसं हवीत. आणि खरं सांगू का, मलाही बघायचंय."

त्याला काय बघायचं होतं ते आधी सांगते, कारण सगळी सहल त्यावरच टांगलेली होती. कंपनी त्याला जर्मनीला पाठवत होती, निदान पाच वर्षांसाठी. आमचे बाबा माझ्याकडे असतात, वय शहात्तर. स्कूटरच्या अपघातानंतर त्यांचा उजवा गुडघा जेमतेम वाकतो. तसा पाय घेऊन नऊ-दहा तासांचं विमान झेपेल का, हा प्रश्न. बिझनेस क्लासची तिकिटं काढायची आमची कुणाचीच ऐपत नाही.

"बाबा चार तास नीट बसले तर मी जातो आणि दरवर्षी त्यांना बोलावतो. नाही बसले तर ऑफिसात नाही म्हणून सांगतो. आईच्या वेळी मी पोचलो नाही, ताई. परत तसं नको, यार."

मी टाचण्या काढून बाजूला ठेवल्या आणि तिकिटं बघायला घेतली.

जानेवारीत चंदीगडला जाऊ नका, हे पहिलं आणि सगळ्यात उपयोगाचं वाक्य. आम्ही गेलो. कराडहून पुणे विमानतळ गाडीने पावणेचार तास. विमानतळावर व्हीलचेअर फुकट मिळते, तिकीट काढतानाच सांगून ठेवायची. बाबांनी "मी काय पांगळा आहे?" म्हणून दोनदा नाही म्हटलं, मग सुरक्षा तपासणीची रांग पाहून गुपचूप बसले. सीट निवडताना मात्र फसू नका. ऐसपैस जागेची रांग आपत्कालीन दाराजवळ असते आणि तिथे बाबांसारख्यांना बसू देत नाहीत. सगळ्यात पुढच्या रांगेला जास्तीचे पैसे भरावे लागतात, आणि समोर भिंत असल्यामुळे न वाकणारा पाय तिथेही मावत नाही. आम्ही कडेची सीट घेतली. बाबांचा पाय अर्थातच वाटेत.

"सर, प्लीज पाँव अंदर लीजिए," हवाई सुंदरी तिसऱ्यांदा म्हणाली.

"अंदर आता तो बाहर कायको रखता, बेटी?" बाबांचं हिंदी कराडच्या पुढे कधी गेलेलं नाही.

ती बिचारी हसली, पण तिची खाण्याची ढकलगाडी काही हसत नाही. दोनदा लागली. माझ्या पर्समध्ये टेप असते, शिंपिणीची सवय. आमच्या सीटच्या मागच्या कडेपासून पुढच्या सीटच्या मागच्या कडेपर्यंत मोजलं, एकोणतीस इंच. बाबांचं नुसतं मांडीपासून टाचेपर्यंतचं माप त्याहून बरंच जास्त भरतं. गिऱ्हाइकाचं माप न घेता शिवलेल्या कपड्याला आमच्याकडे परत पाठवतात, इथे गिऱ्हाइकालाच सांगतात की पोट आत घ्या.

मोहालीत नितीनच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि सूर्याचा पत्ता नव्हता. पुढचे आठ दिवस तो फारसा दिसलाच नाही. सगळे चौक गोल, सगळे रस्ते सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, आणि सगळ्यावर ओल्या मांजरपाटासारखं धुकं. सिमरनने मक्याची रोटी, सरसोंचं साग आणि वर लोण्याचा गोळा वाढला. "पापाजी, और लो जी," तिचं सुरूच होतं. मीराला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. आजोबांच्या ताठ पायावर घसरगुंडी करत विचारते, "आजोबा, ये वाला पैर सो गया है क्या?"

"हो, त्याला उठवू नकोस," बाबा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नितीनच्या ऑफिसात गेलो. औद्योगिक भागातली एक पत्र्याची शेड, बाहेर चहाची टपरी आणि आत चक्क विमान. म्हणजे विमानाचा मधला तुकडा, पंख नाहीत, चाकं नाहीत. आठ रांगा, डोक्यावर सामानाचे कप्पे, इंजिनाचा आवाज स्पीकरमधून. खिडक्यांच्या जागी पडदे होते आणि त्यांवर ढग सरकत होते. नितीन लहानपणी नवी सायकल दाखवायचा तशा उत्साहाने दाखवत सुटला. पुढच्या काळातली विमानं अशीच असणार म्हणे. दिवे पहाटेसारखे हळूहळू उजळतात, म्हणजे लांबच्या प्रवासात झोपेचा गोंधळ होत नाही. सीट मागे कलत नाही, बूड पुढे सरकतं, म्हणून मागच्याच्या अंगावर कुणी पडत नाही. मधल्या माणसाला हात ठेवायला रुंद जागा. ते दिवे पाहून मला खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आणि ही पाठ बघ. किती बारीक केलीय! सीटखालची वायरींची पेटी पण काढली. बाबांचा पाय सरळ पुढच्या सीटखाली जाणार."

मी टेप काढली. अठ्ठावीस.

"एक इंच कमी झाला की रे."

"अगं, पाठ बारीक झाली ना, मग गुडघ्याला जागा तेवढीच राहते. वाचलेल्या जागेत एक रांग जास्त बसते. त्याशिवाय कोण विकत घेणार हे?"

"म्हणजे कापड वाचवलंस तू आणि घरी नेलं दुकानदाराने."

"ताई, प्लीज. आज नको."

आणखी सहा-सात म्हातारी मंडळी होती, बहुतेक निवृत्त फौजी आणि त्यांच्या बायका. हरप्रीत नावाच्या मुलीने प्रत्येकाला एक कागद दिला. दर अर्ध्या तासाला खूण करायची, एक म्हणजे फार त्रास, पाच म्हणजे एकदम आराम. चार तासांचे आठ रकाने. "अंकलजी, सच्ची-सच्ची लिखना हां," ती बाबांना म्हणाली. "पक्का," बाबा म्हणाले. हा शब्द ते मीराकडून शिकले होते.

आता बाबांबद्दल एक सांगायला हवं. ते गणिताचे मास्तर. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही पोराला पैकीच्या पैकी दिले नाहीत. उत्तर बरोबर असलं तरी खाली दोन रेघा नाहीत म्हणून अर्धा मार्क कापायचे. पायऱ्या न लिहिता उत्तर लिहिलं तर भोपळा. नितीन त्यांच्याच वर्गात होता. त्याला शंभरातले साडेनव्याण्णव मिळाले त्या दिवशी तो न जेवता झोपला, ते मला अजून आठवतं.

मला बाबांच्या शेजारच्या सीटवर बसू दिलं होतं. बाबांचा पाय खरंच पुढच्या सीटखाली गेला. नितीन काचेपलीकडून बघत होता, त्याने अंगठा दाखवला. पण त्या सीटखाली एक आडवी नळी होती आणि ती बरोबर बाबांच्या नडगीवर येत होती. ते डाव्या कुल्ल्यावर कलून बसले. अर्ध्या तासाने कपाळावर घाम. बाहेर सहा अंश तापमान आणि यांना घाम.

"बाबा, दुखतंय ना?"

"तू तुझं बघ."

मी त्यांच्या कागदात डोकावले. आठही रकान्यांत पाचवर खूण करून झाली होती आणि खाली पट्टीने मारल्यासारख्या दोन सरळ रेघा.

"अहो, अजून साडेतीन तास बाकी आहेत!"

"उत्तर माहीत आहे."

"पायऱ्या नकोत का मग? आम्हाला भोपळा देत होतात."

ते पडद्यावरच्या ढगांकडे बघत बसले. जेवण आलं, राजमा-भात, त्यांनी दोन घास खाल्ले. तिसऱ्या तासाला त्यांनी माझा हात धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. चार तास संपल्यावर दिवे उजळले, सगळे उठले, आणि बाबा बसून राहिले. "जरा मजा वाटतेय, बसू दे," असं हरप्रीतला म्हणाले. दहा मिनिटांनी माझ्या खांद्यावर भार टाकून उठले.

नितीन कागद हातात घेऊन शेडच्या दाराशी उभा होता. छत्तीस वर्षांचा बाप्या, डोळे पुसत होता. "ताई, बाबांनी मला पैकीच्या पैकी दिले. बघ ना, खाली रेघा पण मारल्यात." फोटो काढून त्याने लगेच सिमरनला पाठवला. माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन ऑफिसला गेल्यावर मी बाबांच्या पायाला तेल लावायला बसले. घोटा सुजून टम्म, आणि नडगीवर बोटभर रुंद काळानिळा पट्टा.

"हे त्याला दाखवते मी."

"वैशाली, एक शब्द बोलायचं नाही. तुला माझी शपथ आहे."

"का पण? तो राहील ना इथे! तुमच्यासाठीच विचारतोय तो."

"म्हणूनच. माझ्या पायाला बांधून ठेवू त्याला? आणि त्याची खुर्ची चांगली आहे. माझा पाय वाईट आहे, त्यात त्याचा काय दोष?"

मला इतका राग आला की तेलाची वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि तिथे रडले. सिमरनने न विचारता चहा ठेवला.

रविवारी सुखना तलावावर गेलो. बोटी बांधून ठेवलेल्या, पाणी आणि आकाश एकाच राखाडी रंगाचं. जाणार असाल तर कानटोपी न्या, आणि भुईमुगाची गरम चिक्की घ्या. बाबा बाकावर पाय लांब करून बसले होते, मीरा शेजारी.

"आजोबा, जर्मनी में मेरे स्कूल आओगे ना? पक्का?"

"पक्का."

नितीनने त्याच संध्याकाळी ऑफिसात होकार कळवला.

परतीच्या दिवशी विमानात बसलो आणि धुकं उतरलं. दोन तास विमान जागेवरून हललं नाही, मग अडीच तास उडालं. खुर्ची जुन्या पद्धतीची, जाड पाठीची. तिसऱ्या तासाला बाबांच्या तोंडून "आई गं" निघालं. त्यांना कण्हताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पुण्याला उतरून घरी येईपर्यंत मागच्या सीटवर आडवे होते.

नितीन, सिमरन आणि मीरा मार्चमध्ये गेले. त्यानंतर महिन्याभराने त्याचा फोन आला की ती सीट पास झाली. ज्येष्ठ प्रवाशांनी दिलेले गुण फार चांगले होते म्हणे. खूश होता. बाबांशी बोलताना म्हणाला, "पुढच्या वर्षी याच सीटवरून या." बाबा म्हणाले, "येतो की."

चंदीगडहून काय आणलंत, असं दुकानात सगळ्या जणी विचारतात. मी फुलकारीची ओढणी दाखवते. खरं जे आणलं ते माडीवर आहे. बाबांनी शिकवणीच्या दिवसांतला जुना बाक अडगळीतून काढलाय. आपली खुर्ची भिंतीला टेकवलीय, समोर बाक ठेवलाय, आणि माझी टेप मागून घेऊन फरशीवर अठ्ठावीस इंचांवर खडूने रेघ मारलीय. रोज चारच्या चहानंतर त्या बाकाखाली पाय घालून ते बसतात. घड्याळ समोर. पहिल्या दिवशी वीस मिनिटं झाली. परवा एक तास दहा मिनिटं झाली. उतरताना कठड्याला धरून उतरतात आणि मला म्हणतात, "जमेल. सवयीचा प्रश्न आहे."

जमणार नाही, हे त्यांना कळतं आणि मलाही कळतं. शपथ मोडल्याचं पाप लागायचं असेल तर लागू दे, माझ्याने आता गप्प राहवत नाही. नितीन, तू हे वाचशील. ते मार्क खुर्चीला नव्हते रे.

काल केर काढताना मी बाक हळूच खुर्चीपासून दोन इंच लांब सरकवला. आज चहा घेऊन वर गेले तर बाबा खाली वाकता येत नाही म्हणून काठीच्या टोकाने बाक परत खुर्चीकडे ढकलत होते. खडूच्या रेघेला लागेपर्यंत ढकलला.

"कुणीतरी हलवला होता," म्हणाले, आणि चहा बाजूला ठेवून बसले.