फोन ठेवू न देणारी आई

"सर, बाई बदला," मंडळाचे सेक्रेटरी मोहनशेठ म्हणाले. "आठ दिवसांवर स्पर्धेचा शो आलाय, आणि ही नुसती रडतेय."

बाई म्हणजे सुनंदाताई. पन्नाशीच्या, विधवा, दिवेआगरात होमस्टे चालवतात. गावच्या एकांकिकेत त्या आई होत्या. परदेशातला मुलगा फोनवर सांगतो, यंदाही येणं जमणार नाही. एवढाच प्रसंग. दिग्दर्शक मी. बायको गेल्यापासून गावोगावची अशी कामं घेतो. घरी बसवत नाही.

मी दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. पात्राचा अभ्यास वहीत लिहून आणा, असं मी त्यांना सांगितलं होतं. म्हणजे ही बाई कोण, दिवसभर काय करते, कोणाशी बोलते. वहीत एकच ओळ होती : 'ती दुःखी हाय.'

"दुःख करून दाखवता येत नाही," मी म्हणालो. "तिला हवंय काय, ते सांगा. आम्ही त्याला ऑब्जेक्टिव्ह म्हणतो."

"पोरगा यावा."

"तो तर नाही म्हणाला. आता, या मिनिटाला काय हवंय?"

त्यांनी वही मिटली.

"त्यानं फोन ठेवू नये. सीझन सरला की माझ्या चार खोल्या रिकाम्या, सर. लेकीचा फोन आला की मी कायबी सांगत बसते. वाडीत नारळ किती पडले, मांजर कुठं व्याली. ती नुसती हं हं करते. तरी मी सांगते."

"मग तेच करा. रडू नका."

मुलाचं काम करणारा नट न्हावा शेवा बंदरात ड्युटीवर होता, म्हणून त्याच्या ओळी मी विंगेतून वाचल्या. सुनंदाताईंनी शब्द संहितेतलेच घेतले, पण घाईघाईत, एकाला एक जोडून, मला मध्ये शिरू न देता. मधेच हसल्याही. माझी ओळ होती, "आई, ठेवतो आता." ती मला वेळेवर म्हणवेना. माझ्या मुलाला मी रविवारी फोन करतो. तो आधी विचारतो, "काही काम होतं का?"

"सर, तुमची ओळ," त्या म्हणाल्या.

शोमध्ये फोन कट झाल्यावरही त्या दोन वाक्यं बोलत राहिल्या. ते आम्ही बसवलं नव्हतं. मागच्या रांगेतली कुजबुज थांबली.

एकांकिकेला तिसरा नंबर मिळाला. अभिनयाचं बक्षीस दुसऱ्या गावच्या एकांकिकेतल्या आईला गेलं. ती भरपूर रडली होती.

नटानं पात्राला काय वाटतंय ते शोधू नये, काय हवंय ते शोधावं. परीक्षकांना ते दिसेलच, असं नाही.