वीस मिनिटं बोलायचं नाही

गल्लीत तिला सगळे थांबाताई म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं: दोन खुर्च्या, फेशियलची अरुंद खाट आणि भिंतभर आरसा. नवी बाई आली की ती तिच्या कानामागे लेपाचा वाटाण्याएवढा ठिपका लावायची आणि म्हणायची, "आता थांबा. उद्या या."

"अगं, फेसपॅक लावतेस की ऑपरेशन करतेस?" बायका हसायच्या. ती ऐकून घ्यायची, पण ऐकायची नाही. एकोणिसाव्या वर्षी ती दुसऱ्या एका पार्लरमध्ये केस झाडायला होती. तिथे ब्लीचने एका मुलीचा गाल भाजलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता.

धाकटी जाऊ दोन वर्षांपासून हाताखाली होती. हात हलका, बोलणं गोड, पण धीर नाही. "ताई, तुमच्या या 'थांबा'पायी निम्म्या बायका पुढच्या चौकातल्या पार्लरमध्ये जातात," ती कुरकुरायची.

त्या दुपारी थांबाताई सासूबाईंना डोळे तपासायला घेऊन गेली होती. नेमक्या तेव्हाच गणिताच्या बाई आल्या. जवळच्याच शाळेत शिकवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत होती. रात्र रात्र पेपर तपासून चेहरा ओढल्यासारखा झाला होता.

"मला जरा माणसात आणा," बाई म्हणाल्या. "उद्या परत यायला वेळ नाही हं."

धाकटीने क्षणभर विचार केला आणि बदामाची पेस्ट, मध, दूध असं मिश्रण कालवलं. आधी ओठांवरची लव दोऱ्याने काढली, मग जाड थर दिला. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. "आता वीस मिनिटं बोलायचं नाही, बाई. हसायचंही नाही. लेपाला तडे जातात." असं म्हणून ती टॉवेल वाळत घालायला मागे गेली.

थांबाताई परतली तेव्हा खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. सासूबाईंना आत बसवून ती खाटेपाशी आली. लेपाखालचा चेहरा दिसत नाही, म्हणून बायकांचे पाय बघायची तिची जुनी सवय. निवांत झोपलेल्या बाईची पावलं आपोआप बाहेर कलतात. या बाईंची पावलं सरळ उभी होती आणि बोटं घट्ट आवळलेली.

"बाई, बरं वाटतंय ना?"

बाईंनी अंगठा वर केला. दुसऱ्याच क्षणी तोच हात गळ्याकडे गेला आणि खाजवू लागला. थांबाताईने पदराची कड बाजूला केली. गळ्यावर गांध्या उठल्या होत्या, लाल, एकात एक मिसळलेल्या.

"धाकटे! यात काय घातलंस?"

"बदाम, ताई..."

"आणि कानामागे?"

धाकटीने नकारार्थी मान हलवली.

थांबाताईने ओल्या फडक्याने सपासप लेप पुसला. खालून वेगळाच चेहरा निघाला. पापण्या सुजलेल्या, वरचा ओठ दुप्पट झालेला. "घशात... काहीतरी... अडकलंय," बाई म्हणाल्या, आणि तो आवाज बाईंचा वाटेना.

शेजारच्या शिंप्याने गाडी काढली. निघता निघता थांबाताईने लेपाचा वाडगा उचलला. दवाखाना तीनच गल्ल्या पलीकडे, पण वाटेत एक टेम्पो आडवा लागला. शिंपी हॉर्न वाजवत राहिला. मागच्या सीटवर बाईंचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. त्यांनी थांबाताईचं मनगट असं धरलं होतं की नखं रुतली. ती हलली नाही. श्वास मोजत राहिली.

पुढच्या सीटवरून धाकटी मागे वळली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "ताई," ती कुजबुजली, "वाडगा कशाला आणलात? बदामाचं सांगू नका ना. घरून काहीतरी खाऊन आल्या होत्या असं सांगू. पार्लर बंद पडेल हो."

"तोंड मिट," थांबाताई म्हणाली. एवढंच.

डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

तिने वाडगा टेबलावर ठेवला. "बदाम, मध, दूध. माझ्या पार्लरमध्ये लावलं. आधी तपासून पाहिलं नव्हतं. अर्धा तास झाला असेल."

डॉक्टरांनी पुढचं ऐकलंच नाही. बाईंच्या मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला आणि मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. पाच मिनिटं गेली. शिट्टी तशीच. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन भरलं. थांबाताई भिंतीला टेकून उभी होती. मग कधीतरी शिट्टी पातळ झाली, आणि बाईंनी एक सबंध श्वास घेतला. धाकटी मटकन खाली बसली आणि रडू लागली.

बाईंना मोठ्या हॉस्पिटलमध्ये हलवलं. तिथे त्यांचे यजमान थांबाताईला नाही नाही ते बोलले. तिने मान खाली घालून सगळं ऐकलं. "चूक माझ्या घरातली आहे," ती म्हणाली. चूक कुणाच्या हातून झाली, ते मात्र तिने सांगितलं नाही.

मुलाखत हुकली. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

चौथ्या दिवशी दोघी जावा बाईंच्या घरी गेल्या. दारातच धाकटीने हात जोडले. "बाई, लेप मी लावला होता. ताई घरात नव्हत्या. मलाच घाई झाली होती."

बाईंनी दोघींना आत घेतलं. पापण्या अजून जड होत्या.

"बदाम खाल्ले की माझी जीभ लहानपणापासून खाजते," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आणि त्या दिवशी ओठ बधिर झाले ना, ते मला पाचव्याच मिनिटाला कळलं होतं. पण तुम्ही म्हणालात, बोलायचं नाही. जन्मभर वर्गाला तेच सांगत आले. मग पडून राहिले, शहाण्या मुलीसारखी."

थांबाताईचे डोळे भरून आले. तो नियम धाकटीचा नव्हता, तिचा स्वतःचा होता. वीस वर्षं तीच तो सांगत आली होती.

पार्लर महिनाभर ओस पडलं. काही बायका परत आल्या, काही कायमच्या चौकात गेल्या. गणिताच्या बाई काही पुन्हा आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या की थांबतात, बोलतात, तेवढंच.

आता लेप धाकटीच लावते. काय खाल्लं की त्रास होतो, हे आधी खोदून खोदून विचारते, कानामागचा ठिपका बघते आणि मग खाटेशेजारी स्टूल घेऊन बसते. वीस मिनिटं बायकांना बोलतं ठेवते. लेपाला तडे जातात, तर जातात.